एक खाच खाली

मोहोळकडचे एक बुवा दर दोन वर्षांनी भजनी मंडळाची पेटी घेऊन माझ्याकडं दुरुस्तीला येतात. भजनी मंडळाच्या पेटीचे हाल विचारू नका. पट्ट्यांच्या खाली बुक्का, अष्टगंध, खोबऱ्याचे तुकडे, भात्याला चिकटपट्टी. एकदा तर आतून झुरळांचं अख्खं बिऱ्हाड निघालं होतं. यंदा ते ऐन गड्ड्यात, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत आले. यात्रेमुळं रस्ते बंद, रिक्षा मधल्या मारुतीपर्यंतच आली, तिथून पेटी खांद्यावर घेऊन चालत. मी मोबाईलवर एक गाणं लावलं होतं आणि एका जुन्या पेटीचे सूर घासत बसलो होतो. बुवांनी पेटी टेकवली, टोपीनं घाम पुसला, कान दिला.

"कोण बाई गालालीय ओ ही? काय सूर लागलाय!"

"बाई न्हाई बुवा. भाचा हाय माझा."

पालितान्याचे नामी सूर म्हणून पत्र्याचे गळ्यात मारल्यावर गिऱ्हाईक जसं बघतं, तसं बुवांनी माझ्याकडं बघितलं. तेवढ्यात भाचा आतून चहा घेऊन आला. उंची सहा फूट, भरघोस दाढी, आणि आवाज असा की तो बोलला की बरणीतले खिळे वाजतात. "बुवा, साखर चालते ना?" बुवांनी कप घेतला. मोबाईलकडं बघितलं, भाच्याकडं बघितलं, परत मोबाईलकडं.

"ह्योच का त्यो?"

ह्योच त्यो. भाचा जर्मनीत राहतो आणि काउंटरटेनर, म्हणजे बाईच्या उंचीच्या आवाजात गाणारा पुरुष, म्हणून पोट भरतो. ऑपेरात गातो, त्याहून जास्त ओरॅटोरिओत गातो. ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकाचा लांबचा श्रीमंत भाऊबंद. पडदे, पोशाख, तलवारी, आणि भांडणसुद्धा गाण्यातच. ओरॅटोरिओत गोष्ट असते, बहुतेक बायबलातली, पण नाटक नसतं. गवई काळे कपडे घालून रांगेत खुर्च्यांवर बसतात, हातात वही, पाळी आली की उठायचं, गायचं, परत बसायचं. हे सगळं मी गेली बारा वर्षं गिऱ्हाइकांना, नातेवाइकांना आणि भाच्याला सांगून आलेल्या स्थळांना समजावत आलोय. म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं.

पेटीवाल्याला हे समजायला अवघड नाही. आमच्या धंद्यात सूर म्हणजे हवेनं थरथरणारी पितळेची जीभ. तिच्या जाती तीन: खर्ज, नर आणि मादी. खर्जाची जीभ लांब, जड. मादीची आखूड, पातळ. तुम्ही एकच पट्टी दाबा. नराची वाट उघडी असेल तर एक सूर येतो, मादीची उघडी असेल तर तोच सूर एक सप्तक वर. पेटी तीच, भाता तोच, बोट तेच. पुरुषाच्या गळ्यात असंच आहे. आपण बोलतो तेव्हा स्वरतंतू पुऱ्या जाडीनं एकमेकांना भिडतात. तेच ताणून पातळ केले की नुसत्या कडा थरथरतात आणि वरचा आवाज निघतो. हा आवाज प्रत्येक पुरुषाकडं आहे. लहान बाळाशी बोलताना निघतो, पायाखाली उंदीर आला की निघतो. काउंटरटेनर तोच आवाज घेऊन त्याची मशागत करतो. त्यातले बहुतेक जण बोलताना चांगले जाड आवाजाचे, बॅरिटोन असतात. आमचा तर बोलायला लागला की गड्ड्यातला लाऊडस्पीकरवाला वाटतो.

इटालियन लोकांनी ह्या आवाजाला नाव दिलं फॉल्सेटो. फॉल्सो म्हणजे खोटा. आपल्याकडचे बुवा-खाँसाहेब काय म्हणतात? खोटा आवाज. दोन मुलखांनी एकमेकांना न विचारता एकच शिवी शोधली. मला ह्या शब्दाचा राग आहे. मादी सूर खोटा नसतो, तो वेगळा असतो. हां, कच्चा असतो हे खरं. पातळ जीभ नीट बसली नसेल तर हवा खाते, सूर कमी आणि फुसफुस जास्त. गळ्याचंही तेच. ती फुसफुस बंद करून आवाजाला तेज आणायला भाच्याला पाच-सहा वर्षं लागली.

लोक लगेच म्हणतात, "म्हणजे बालगंधर्वांसारखं." नाही. बालगंधर्व शालू नेसून स्टेजवर बाईच व्हायचे, ती त्यांची भूमिका. काउंटरटेनर बहुतेक वेळा सेनापती असतो, राजा असतो, कुणाच्या तरी प्रेमात पडलेला राजपुत्र असतो. आणि त्याच आवाजात तो युद्धाची आरोळी ठोकतो. आवाजाच्या उंचीवरून बाई-बाप्या ठरवायची सवय आपल्याच कानाला लागलेली आहे. नाहीतर गंगूबाई हनगल ऐका. टॉन्सिलच्या उपचारानंतर आवाज खाली उतरला तो उतरलाच, आणि त्याच भारदस्त आवाजात त्या आयुष्यभर गायल्या. रेडिओवर ऐकून 'कोण बुवा?' म्हणणारे मी स्वतः पाहिलेत. उलट बाजूनं मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची जुनी तबकडी लावा. तिथं फॉल्सेटोची भानगड नाही, पण पुरुषाचा आवाज किती उंच आणि किती नाजूक असू शकतो ते कळतं. किराणा घराण्याच्या दोन टोकांना हे दोघं उभे आहेत आणि आपल्याला कुणाचंच काही वाटत नाही.

दुसरा प्रश्न लोक कुजबुजत विचारतात. माझ्या बहिणीला शेजारच्या वहिनींनी नळावर गाठून विचारला होता. "ते काय... ऑपरेशन वगैरे?" नाही हो. ते प्रकरण जुनं आहे आणि वाईट आहे. इटलीत आवाज फुटायच्या आत मुलांना खच्ची करायचे, म्हणजे वरचा आवाज टिकून राहायचा आणि छाती मात्र मोठ्या माणसाची. त्यांना कास्ट्राटी म्हणत. फारिनेली त्यातला सगळ्यात गाजलेला, 1705 ते 1782. हँडल ह्या संगीतकारानं 1724 साली लंडनमध्ये ज्युलिअस सीझरवर ऑपेरा केला, त्यात सीझरची भूमिका सेनेझिनोनं केली, तोही कास्ट्राटो. शेवटचा नामांकित अलेस्सांद्रो मोरेस्की, पोपच्या सिस्टिन चॅपेलमध्ये गायचा. 1922 मध्ये वारला. 1902 आणि 1904 साली त्याचं गाणं ध्वनिमुद्रित झालंय. मी ऐकलंय. परत ऐकणार नाही.

कास्ट्राटी गेले, भूमिका मागं राहिल्या. विसाव्या शतकात जर्मनीत हँडलचे ऑपेरे परत उभे राहिले तेव्हा सीझर कुणी गायचा हा प्रश्न आला. त्यांनी सोपा मार्ग काढला: बॅरिटोनला द्या, एक सप्तक खाली. पेटीवाला म्हणून सांगतो, हे पाप आहे. सीझरचं एक गाणं आहे, सावज धरायला दबक्या पावलानं जाणाऱ्या शिकाऱ्याचं. त्यात फ्रेंच हॉर्न गवयाच्या सोबतीनं चालतो. मूळ आवाजात दोघं एका उंचीवर, खांद्याला खांदा लावून जातात. बॅरिटोन आला की तो हॉर्नच्या पायाशी जाऊन बसतो. सप्तक बदललं की नुसता सूर खाली जात नाही, घरातलं सगळं सामान हलतं. पण कित्येक वर्षं तसंच चाललं, कारण तो आवाज घेऊन उभा राहणारा माणूसच कुणाला ठाऊक नव्हता.

माणूस होता. इंग्लंडच्या कॅथेड्रलांत होता. तिथल्या क्वायरमध्ये बायका नसायच्या. वरची ओळ लहान मुलं गायची आणि तिच्या खालची आल्टोची ओळ पुरुष, फॉल्सेटोत. हौस म्हणून नव्हे, पगारी. रोज संध्याकाळी उपासनेला हजर राहायचं, गायचं, महिन्याला पैसे घ्यायचे. अशा एका खुर्चीवर, कँटरबरीत, 1940 पासून आल्फ्रेड डेलर बसायचा. 1912 चा जन्म, मार्गेटचा. पोरपणी वरचा आवाज गायचा, आवाज फुटल्यावरही वरच गात राहिला. मायकेल टिपेट ह्या संगीतकारानं त्याला ऐकलं आणि लंडनला ओढलं. 1946 मध्ये बीबीसी रेडिओचा थर्ड प्रोग्रॅम सुरू झाला, त्या पहिल्याच रात्री डेलर गायला. 1960 साली बेंजामिन ब्रिटन ह्या संगीतकारानं शेक्सपिअरच्या नाटकावर ऑपेरा केला, त्यातला पऱ्यांचा राजा ओबेरॉन खास डेलरसाठी लिहिला.

आणि इथंच मला डेलर जवळचा वाटतो. पुढच्याच वर्षी तोच ऑपेरा लंडनच्या कॉव्हेंट गार्डनला लागला, तेव्हा ओबेरॉन डेलरला मिळाला नाही. रसेल ओबरलिन ह्या अमेरिकनाला मिळाला. डेलरला नट म्हणून स्टेजवर वावरता येत नाही, असं बोललं गेलं होतं. भूमिका ज्याच्या गळ्याच्या मापानं शिवली, त्यालाच ती मोठ्या दुकानात घालता आली नाही. मग तो मैफली आणि ध्वनिमुद्रिका करत राहिला, 1979 मध्ये बोलोन्यात वारला. पण खुर्ची त्यानं करून ठेवली. त्या खुर्चीवर जेम्स बोमन बसला. त्याच्यासाठी त्याच बेंजामिन ब्रिटननं 1973 मध्ये दुसऱ्या एका ऑपेरात अपोलो देवाचा आवाज लिहिला. 1984 मध्ये श्टुटगार्टला फिलिप ग्लास ह्या संगीतकाराचा आखनातन हा ऑपेरा लागला, त्यात इजिप्तचा राजा काउंटरटेनर. राजा किती तरी वेळ तोंडच उघडत नाही, आणि उघडतो तेव्हा हा आवाज येतो. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनात पोलंडचा याकूब ओर्लिन्स्की गायला आणि त्यानं ब्रेकडान्सही केला. तो व्हिडिओ मला आमच्या गल्लीतल्या अकरा जणांनी पाठवला. म्हणजे आता सोलापुरातसुद्धा अकरा जणांना काउंटरटेनर माहीत आहे.

आपल्याकडं हा आवाज नव्हता असं कुणी समजू नये. तमाशात सुरत्या काय करायचा? शाहिराच्या मागं उभा राहून 'जी जी रं जी' म्हणत आभाळाला हात लावणारा झीलकरी काय करायचा? मी स्वतः चौदाव्या वर्षी आमच्या चाळीतल्या शाहिरी पथकात झील धरायचो. वडील मिलमध्ये जॉबर. मागाच्या खात्यात खालचा आवाज विरून जातो, म्हणून तिथं एकमेकांना हाक मारायची ती वरच्या पट्टीतच. त्यांची ती हाक मला येत होती, फक्त मी ती सुरात मारायचो. एका रात्री त्यांनी पथकातून कानाला धरून घरी आणलं. "बायकी आवाज काढायचा बंद." मी बंद केला. त्यानंतर लोकांच्या पेट्या दुरुस्त केल्या.

ह्याचं दुःख सांगायला मी लिहीत नाही. ह्याच्या पुढचं सांगायचंय, ते जास्त लाजिरवाणं आहे.

आमच्या चर्चमध्ये रविवारी पेटी मी वाजवतो आणि क्वायरही मीच बघतो. भाचा लहानपणापासून आईच्या शेजारी उभा राहून आल्टोची ओळ गायचा. चौदाव्या वर्षी आवाज फुटला. बोलायला लागला की घरातले दचकायचे. पण गायला उभा राहिला की परत आल्टो, आधीपेक्षा गोड. पाळकसाहेब काही बोलले नाहीत. मीच बोललो. "मोठा झालास आता, टेनरमध्ये ये." शब्द वेगळे, पण आवाज माझ्या वडिलांचा. दोन वर्षं मी त्याला टेनरमध्ये, म्हणजे पुरुषांच्या नेहमीच्या उंच आवाजात, उभं केलं. तो टेनर नव्हताच. वरच्या सुराला मान ताणायचा, शिरा फुगायच्या, उपासना संपली की ज्येष्ठमध चघळत बसायचा. मी म्हणायचो, रियाज कमी पडतोय.

मग एका संध्याकाळी दुकानात मी एक पेटी जुळवत होतो. जुळवताना एका वेळी एकच जात उघडी ठेवतात, तशी नुसती मादी उघडी होती. खालच्या पट्टीपासून एकेक सूर लावत वर चाललो होतो. भाचा स्टुलावर कॉलेजच्या वहीत काहीतरी लिहीत होता आणि नकळत माझ्याबरोबर गुणगुणत होता. मी वर जातोय, तो वर येतोय. मान सरळ, शिरा नाहीत, पेनसुद्धा थांबलं नव्हतं. एका जागी मी भाता सोडला. पेटी बंद पडली, सूर चालूच राहिला. मला क्षणभर वाटलं, कुठली तरी पट्टी अडकली.

त्या रविवारी त्याला आईच्या शेजारी परत उभं केलं. माफी मागायचं मला सुचलं नाही. अजून मागितलेली नाही.

पुढचं भराभर सांगतो. पुण्याहून ऑर्गन वाजवायला आलेल्या एका पाहुण्यांनी त्याला ऐकलं आणि डेलरची सीडी दिली. मग पुण्याला शिकवणी, मग मुंबईला, मग जर्मनीत संगीत महाविद्यालयाची प्रवेश परीक्षा. बहिणीनं पाटल्या मोडल्या. बहिणीला एकच काळजी होती, "स्थळाला काय सांगायचं, मुलगा काय गातो?"

करिअर म्हणजे काय ते मात्र लोकांना नीट कळत नाही, म्हणून तेवढं सविस्तर. जर्मनीत बऱ्याच शहरांना स्वतःचं ऑपेरा हाऊस असतं आणि त्यांची पगारी गवई मंडळी असतात. पण वर्षभरातल्या नाटकांत काउंटरटेनरच्या भूमिका निघणार एक किंवा दोन. तेवढ्यासाठी कोण कायमचा पगार देणार? म्हणून त्याला नाटकापुरता पाहुणा म्हणून बोलावतात. सहा आठवडे तालीम, काही प्रयोग, आणि मग बॅग भरायची. शिवाय त्याच भूमिका खालच्या आवाजाच्या बायकाही गातात, उत्तम गातात. एका ठिकाणी ऑडिशनला त्याला चार तास बाकावर बसवून ठेवलं आणि मग सांगितलं की ही भूमिका बाईलाच द्यायचं आम्ही कालच ठरवलं. तो चिडला होता. मी म्हटलं, हँडलनंही तेच केलं असतं. 1742 मध्ये डब्लिनला त्याचा मेसाया हा ओरॅटोरिओ पहिल्यांदा झाला, तेव्हा त्यातलं आल्टोचं सगळ्यात दुखरं गाणं, माणसांनी तुच्छ लेखून टाकून दिलेल्याचं, सुझॅना सिबर ह्या नटीनं गायलं. हँडलला जो चांगला गवई हाताशी मिळेल त्याच्या मापानं तो ओळ बेतायचा. (त्या दिवशी गर्दी इतकी अपेक्षित होती की बायकांनी घेरदार सांगाडे घालून येऊ नये आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवाव्यात अशी विनंती छापली होती. हुतात्मा स्मृती मंदिरात नाट्यसंमेलनाला मी ह्याहून वाईट गर्दी बघितलीय, तलवारी तेवढ्या नव्हत्या.)

त्यामुळं रोजची भाकरी ओरॅटोरिओची. आणि तिला सराई आहे, आपल्या बँडवाल्यांसारखी. डिसेंबरात बाख ह्या जर्मन संगीतकाराचा ख्रिसमस ओरॅटोरिओ आणि ईस्टरच्या आधी पॅशन. त्या आठवड्यांत आज ह्या गावी, उद्या त्या गावी, ट्रेनमध्येच झोप. आणि मग उन्हाळ्यात वही कोरी. आपल्याकडं आषाढात बँडवाला ट्रंपेट पुसून ठेवतो तसं हा घरी बसून इटालियन पाठ करतो.

पॅशनमधलं एक मला फार भारी वाटतं. बाखचा जोहानेस-पॅशन, म्हणजे योहानाच्या शुभवर्तमानातली वधस्तंभाची कथा, 1724 च्या गुड फ्रायडेला लाइपझिगला पहिल्यांदा झाला. त्यात आल्टोला एकट्याची गाणी दोनच. पहिलं सातव्या नंबरला, अगदी सुरुवातीला. दुसरं तिसाव्या नंबरला, येशू 'पूर्ण झाले आहे' म्हणतो त्याच्या लगेच नंतर. मधे जवळजवळ तासभर आल्टोनं लोकांसमोर खुर्चीत बसून राहायचं. खोकायचं नाही, पाय हलवायचा नाही, पाणी प्यायचं तर दबकत. दगडी चर्च, मार्च-एप्रिलची थंडी, गळा हळूहळू गार पडत चाललेला. आणि उठून गायचं काय, तर सगळ्यात हळू, सगळ्यात खाली उतरणारं गाणं. खालच्या सुरांत मादीचा जोर संपतो. तिथं नराची मदत घ्यावी लागते, आणि दोघांमधला सांधा ऐकू आला की संपलं. मोठमोठ्यांचा तिथं जिना वाजतो.

तर बुवांनी चहा संपवला आणि म्हणाले, "म्हणून दावा की मग."

भाचा म्हणाला, हेच म्हणतो, तिसाव्या नंबरचं. पण त्याला पट्टी जुनी पाहिजे होती. तिकडं जुन्या वाद्यांवर गातात तेव्हा मधला 'ए' हा स्वर सेकंदाला 440 कंपनांवर नसतो, 415 ला असतो. आता पेटी खाली आणायची म्हणजे सुराची जीभ बुडाशी घासायची. टोकाला घासली तर सूर चढतो, बुडाशी घासली तर उतरतो. बेचाळीस पट्ट्या, दोन जाती, चौऱ्याऐंशी सूर. आठवडा जाईल. मी ते सांगायला तोंड उघडलं आणि माझं लक्ष बुवांच्या पेटीकडं गेलं. भजनी मंडळानं मोठ्या हौसेनं स्केल चेंजर घेतलेली. आणि 440 ते 415 म्हणजे बरोबर अर्धा सूर. मी खटका दाबला, पट्ट्यांची फळी डावीकडं सरकवली, एक खाच खाली. बाखचा प्रश्न मोहोळच्या भजनी मंडळानं सोडवला.

पेटीत अजून बुक्का होता. भाता ओढला की थोडा उडायचा. मूळ गाण्यात सोबतीला विओला दा गांबा असते, एक प्रकारचं जुनं, हळवं सारंगीसारखं वाद्य. मी तिची ओळ आपली जमेल तशी धरली. भाचा उभाच होता, टेबलावरच्या घासणीकडं बघत. पहिला शब्द लावला आणि बाहेर यात्रेला आलेली दोन पोरं पिपाणी वाजवायची थांबली. गाणं पायरी-पायरीनं उतरतं. मी श्वास धरून त्या सांध्याची वाट बघत होतो, आणि तो कधी गेला ते मला, गळ्याच्या नव्हे तरी सुरांच्या मिस्त्रीला, कळलं नाही. मधे एकदम ते उसळतं, यहूदाचा वीर जिंकला म्हणून तुताऱ्या फुंकल्यासारखं, आणि तसंच मधेच तुटतं. परत तीच पहिली ओळ, हळू.

बुवांनी डोळे उघडायला वेळ घेतला.

"वरचं ठीक हाय ओ," ते म्हणाले, "वर कुनी बी जातंय. खाली उतरताना जिना वाजला न्हाई, ते लई अवघड."

जर्मनीतल्या कुठल्या समीक्षकानं हे लिहिलेलं मी अजून वाचलेलं नाही. मग बुवा म्हणाले, "आमच्याकडं सप्ताह बसलाय. काल्याच्या कीर्तनाला मागं झील धरंल का ह्यो?"

भाचा गेला. मीही गेलो, पेटी पोचवायची होतीच. टाळकऱ्यांच्या दुसऱ्या रांगेत त्याला उभं केलं, कपाळाला बुक्का लावला. चर्चमधला पोरगा विठ्ठलाच्या नावाला झील धरतोय ह्याचं तिथं कुणालाच काही वाटलं नाही, आणि रेव्हरंड टिळकांची भजनं टाळावर गात मोठा झालेल्या पोराला टाळ काय शिकवायचा. बुवांनी नामाचा गजर वाढवला तसा ह्याचा आवाज सगळ्यांच्या वरून निघाला, ताडपत्रीच्या मंडपाला वरून शिवण घातल्यासारखा. समोर बसलेल्या एक आजी माना वाकड्या करकरून बायकांच्या बाजूला शोधत होत्या. शेवटी शेजारणीला म्हणाल्या, "पोरगी कुठं बसलीय गं? दिसंना झालीय."

बिदागी मिळाली: एक नारळ, एकशे एक रुपये आणि एक टॉवेल. टॉवेल अर्थातच सोलापुरी, आमच्याच एमआयडीसीतला. सोलापूर जिल्ह्यात गाण्याचे मिळालेले त्याचे हे पहिले पैसे. नारळ बहिणीनं फोडला. एकशे एक रुपये त्यानं पाकिटात वेगळे ठेवले. टॉवेल बॅगेत टाकला तेव्हा बहीण म्हणाली, तिकडं टॉवेल मिळत नाहीत काय रे?

गुड फ्रायडेला आमची बारा ते तीन उपासना झाली. घरी येऊन जेवलो, जरा पडलो. संध्याकाळी त्याचा फोटो आला, त्यांच्या शेवटच्या तालमीतला. दगडी भिंत, समोर चार खुर्च्या, काळे कोट. तिसऱ्या खुर्चीवरच्या दाढीवाल्यानं गळ्याभोवती पांढरा टॉवेल गच्च गुंडाळलाय, निळ्या काठाचा. खाली लिहिलंय: "मामा, सात झाला. आता तिसापर्यंत बसलोय."